थीमवाली क्रिप्टिक कोडी सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थीमवालं क्रिप्टिक कोडं म्हणजे नेमकं वेगळं काय?

क्रिप्टिक म्हणजे असं शब्दकोडं, ज्याच्या क्लूत उत्तराची व्याख्या आणि ते उत्तर अक्षरांतून घडवणारा शब्दखेळ असे दोन्ही दडलेले असतात. साध्या क्रिप्टिकमध्ये चौकट भरली की काम संपलं. इथे चौकट भरली म्हणजे आपण जेमतेम अर्ध्यावर आलो. कोड्याला शीर्षक असतं, त्याखाली चार-सहा ओळींची प्रस्तावना असते आणि क्लूंमध्ये काहीतरी मुद्दाम बिघडवलेलं असतं. कुठे एखादा शब्द जास्तीचा, कुठे व्याख्येत छपाईची चूक, कुठे उत्तर दिलेल्या घरांत मावतच नाही. हे बिघाड गोळा केले की एक संदेश तयार होतो, संदेशावरून विषय कळतो आणि विषय कळला की भरलेल्या चौकटीत आणखी काहीतरी करायचं असतं: एखादं नाव शोधून रंगवा, काही घरं बदला, चौकटीखाली एक ओळ लिहा.

रोजच्या कोड्यात चार-पाच उत्तरं एकाच विषयाची असली तरी त्याला थीम म्हणतात, पण तो सौम्य प्रकार. सौम्य म्हणून हलका नव्हे. ‘अराउकारिया’ या नावाने कोडी रचणाऱ्या जॉन ग्रॅहम यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचं जानेवारी २०१३ मध्ये द गार्डियनमधल्या कोड्यातूनच वाचकांना सांगितलं. उत्तरं भरता भरता लोकांना ती बातमी कळली.

इथून पुढे मात्र बोलायचं आहे ते अवघड प्रकाराबद्दल.

रोजचं क्रिप्टिक जमतं. थेट याला हात घालू का?

उत्तरासोबत ‘ते का’ हेही सांगता येत असेल तर घाला. उत्तर अंदाजाने येतं आणि शब्दखेळ नंतर कधीतरी कळतो किंवा कळतच नाही, अशी सवय असेल तर आधी ती मोडा. पुढे हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येणार आहे.

उदाहरणं मराठीत देता येतील का? ही कोडी तर इंग्रजीत असतात.

असतात, पण यंत्रणा दाखवायला मराठी उत्तम चालते. नियम एकच: एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातल्या अक्षरांची संख्या.

‘नदी उलटी वाहिली, गरीब बिचारा (२)’. न-दी उलट वाचलं की दी-न. व्याख्या ‘गरीब बिचारा’, उत्तर दीन.

‘बिथरलेल्या कमलची लेखणी (३)’. ‘बिथरलेल्या’ हा अक्षरं विस्कटण्याचा इशारा, कमल हा कच्चा माल, उत्तर कलम. मराठीत विभक्तीचे प्रत्यय असे मध्ये येतात. ‘ची’ला इथे जोडशब्द, म्हणजे शब्दखेळ आणि व्याख्या यांना नुसता जोडणारा, म्हणून सोडून द्यायचं.

‘संगम गरजतो, पोटात नदीतलं जनावर (३)’. सलग वाचा: सं-ग-म-ग-र-ज-तो. पोटात मगर आहे.

‘विजेत्याच्या गळ्यात, पराभूताच्या पदरी (२)’. दोन्हीकडे हार.

‘शिक्षकांनी कवाड लावलं, तोच फौजेचा म्होरक्या (४)’. शिक्षक म्हणजे सर, त्याला कवाड म्हणजे दार ‘लावलं’ की सरदार. दार लावणं आणि शब्दाला शब्द लावणं, या दोन अर्थांवर सगळी गंमत आहे.

हे सगळे साधे, निरोगी क्लू. आता त्यांना आजारी पाडू.

क्लू कोणकोणत्या पद्धतीने बिघडवतात?

सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार म्हणजे व्याख्येतली छपाईची चूक. वरचाच क्लू असा छापला समजा: ‘शिक्षकांनी कवाड लावलं, तोच मौजेचा म्होरक्या (४)’. वाक्य अजूनही बरं वाटतं, शब्दखेळ अजूनही सरदारच देतो, पण सरदार मौजेचा कसा? मौ चूक, फौ बरोबर. बरोबर अक्षर (किंवा प्रस्तावना सांगेल त्याप्रमाणे चुकीचं) बाजूला लिहून ठेवायचं. अशी तीसेक अक्षरं क्रमाने लावली की संदेश होतो. चांगला सेटर, म्हणजे कोडं रचणारा, चूक अशी पेरतो की बिघडलेलं वाक्यच अधिक स्वाभाविक वाटावं. म्हणून अशा कोड्यात वाक्याच्या गुळगुळीतपणावर विश्वास ठेवू नका. जिथे शब्द सर्वात सहज बसलेला दिसतो तिथेच आधी बोट ठेवा.

दुसरा प्रकार जास्तीच्या शब्दाचा. ‘संगम गरजतो, पोटात नदीतलं भुकेलं जनावर (३)’. ‘भुकेलं’ काढलं तरी क्लू पूर्ण राहतो, म्हणून तो जास्तीचा, आणि त्याचं पहिलं अक्षर भु संदेशात जातं. पण थांबा, ‘नदीतलं’ काढलं तर? ‘भुकेलं जनावर’ हीदेखील मगरीची व्याख्या म्हणून ओढूनताणून चालेल. मग न की भु? अशा वेळी दोन्ही लिहून ठेवा, एकावर दुसरं, आणि निर्णय संदेशावर सोडा. घाईने एक निवडून दुसरं खोडलं तर पुढे संदेश वाचताना ते खोडलेलं अक्षर आठवतही नाही.

तिसरा प्रकार म्हणजे शब्दखेळात एक अक्षर जास्त. शब्दखेळ ‘सागर’ देतो, व्याख्या मात्र ‘सार’ची आहे, उरला ग. उलटंही होतं, शब्दखेळ एक अक्षर कमी देतो. हा प्रकार सोडवायला वरच्या दोघांपेक्षा कठीण, कारण शब्दखेळावरून उत्तर बांधत गेलं तर ते चुकीचंच बांधलं जातं. इथे व्याख्येकडून सुरुवात करावी.

चौथा, उत्तर भरण्याआधी त्यात बदल. काम हे उत्तर आलं, पण चौकटीत मका जातो, कारण प्रस्तावनेप्रमाणे काही उत्तरं उलटी लिहायची आहेत. किंवा उत्तरातलं एक ठरावीक अक्षर जिथे जिथे येतं तिथे तिथे गाळायचं: सरदारमधले दोन्ही र गेले की चौकटीत उरतं सदा. कंसातला आकडा आणि प्रत्यक्ष घरं जुळत नाहीत, तेव्हा पहिला संशय याच प्रकारावर घ्या.

पाचवा, टक्कर. आडव्या उत्तराला एका घरात म हवा, उभ्याला दी. दोन्ही बरोबर. अशी घरं मोकळी ठेवायची, दोन्ही अक्षरं बारीक लिहायची आणि शेवटी काय करायचं ते विषय सांगतो.

याशिवाय एक जुना आणि माझ्या मते फार देखणा प्रकार आहे, छपाईवाल्याची खोडी. एका सरळ वाक्यातून सलग काही अक्षरं उचललेली असतात, उरलेली जवळ ओढून शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं नव्याने घातलेली असतात, आणि जे बनतं तेही कसंबसं वाक्यच असतं. उचललेली अक्षरं हेच उत्तर. यात व्याख्याच नसते. हा प्रकार ‘अफ्रिट’ म्हणजे ए. एफ. रिची यांनी शोधला.

उत्तर बरोबर आहे हे दिसतंय. शब्दखेळ जुळला नाही तरी पुढे जाऊ का?

साध्या कोड्यात जा. इथे नको.

कारण इथे कोड्याचा खजिना उत्तरांत नसतो, उत्तरांच्या कारणांत असतो. ‘सरदार’ लिहून पुढे गेलात तर घरं चार भरली, पण फौ हातातून गेला. अशी दहा उत्तरं अंदाजाने भरली की चौकट पूर्ण दिसते आणि संदेशात दहा भोकं असतात. मग परत सगळे क्लू पहिल्यापासून वाचणं आलं, तेही उत्साह संपल्यावर. म्हणून प्रत्येक क्लूशेजारी त्याची फोड लिहा. व्याख्येखाली रेघ, इशाऱ्याभोवती गोल, कच्च्या मालाखाली ठिपके, अशी तुमची काहीही खूण चालेल. फोड पूर्ण झाली नसेल तर क्लूच्या डाव्या बाजूला प्रश्नचिन्ह आणि उत्तर पेन्सिलीने फिकट. क्लूतला प्रत्येक शब्द काहीतरी काम करत असला पाहिजे. एखादा शब्द रिकामा बसलेला दिसला तर तो एकतर जोडशब्द आहे किंवा तुम्ही ज्याच्या शोधात आहात तोच आहे.

प्रस्तावना तीन वेळा वाचली, काही कळलं नाही. हे सामान्य आहे का?

अगदी. प्रस्तावना पहिल्या वाचनात कळण्यासाठी लिहिलेलीच नसते. ती करारनाम्यासारखी वाचायची: कोणताही शब्द शोभेचा नाही आणि जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही.

काही वाक्यं सराईतांना लगेच खुणावतात. ‘शेवटच्या चौकटीत सगळे खरे शब्द आहेत’ हे वाक्य म्हणजे वरदान. याचा अर्थ बदल केल्यावर मगरचा नगर होऊ शकतो, गगर नाही. त्यामुळे बदलाच्या शक्यता झपाट्याने कमी होतात. ‘कंसातले आकडे चौकटीतल्या घरांचे आहेत’ असं लिहिलं असेल तर उत्तराची मूळ लांबी लपवलेली आहे, म्हणजे काहीतरी गाळलं किंवा वाढवलं जाणार. ‘करायला हवं’ आणि ‘करता येईल’ यांत फरक आहे. पहिलं केल्याशिवाय कोडं सुटलेलं धरत नाहीत. दुसरं फक्त मदत आहे. ‘एक शब्द कोशात नाही’ असं असेल तर तो जवळजवळ नेहमी थीमशी जोडलेला असतो.

काही वेळा थीमच्या शब्दांमधली ज्या घरांतून दुसरा शब्द जात नाही तिथली अक्षरं प्रस्तावनेत उलटसुलट करून, एखाद्या गमतीशीर वाक्प्रचाराच्या रूपात दिलेली असतात. नवशिके ते वाक्य अर्थासाठी वाचत बसतात. त्यात अर्थ नसतो. ती शेवटी पडताळून पाहायची यादी आहे.

प्रस्तावना सुरुवातीला एकदा वाचावी, एक चतुर्थांश चौकट भरल्यावर पुन्हा, संदेश मिळाल्यावर पुन्हा आणि सगळं संपलं असं वाटल्यावर हमखास एकदा. शेवटच्या वाचनात एखादी न पाळलेली सूचना सापडते, असा अनुभव बहुतेकांचा आहे.

काही शब्दांना क्लूच नाहीत. ते कसे भरायचे?

ते शेवटी भरतात. आडव्या-उभ्या छेदांतून त्यांची अक्षरं हळूहळू येतात. अशा कोड्यांच्या चौकटी बहुधा काळ्या घरांच्या नसतात, शब्द जाड रेघांनी वेगळे केलेले असतात, आणि त्यात बहुतेक अक्षरं दोन्ही बाजूंनी तपासली जातात. त्यामुळे क्लू नसलेल्या शब्दाचीही बरीच अक्षरं फुकटात मिळतात. त्यांची लांबी आणि जागा मात्र आधीच पाहून ठेवा. समोरासमोर सारख्या जागी दोन लांब शब्द असतील तर ती जोडी आहे: लेखक आणि कृती, प्रश्न आणि उत्तर, किंवा एकाच वाक्याचे दोन तुकडे.

संदेश अर्धवट मिळालाय. मधली अक्षरं गायब आहेत.

पूर्ण होण्याची वाट पाहू नका. संदेश हा एक मोठा शब्द समजून सोडवायला घ्या.

संदेश क्लूंच्या क्रमाने येतो, चौकटीतल्या जागेच्या क्रमाने नाही. म्हणून एका ओळीत जितके क्लू तितके ठिपके मांडा. मिळालेली अक्षरं त्या त्या ठिपक्यावर लिहा, शंकास्पद अक्षरं एकाखाली एक. आडव्यांचा आणि उभ्यांचा संदेश वेगळा असू शकतो, तेव्हा मध्ये फट ठेवा. इंग्रजी संदेशात टीनंतर एच, क्यूनंतर यू या जोड्या लवकर डोळ्यांत भरतात. शिवाय संदेश बहुधा दोन जातींचे असतात: एखादं अवतरण किंवा त्याचा लेखक, नाहीतर आज्ञा. आज्ञा असेल तर क्रियापदांची संख्या मोजकी आहे: बदला, पुसा, रंगवा, जोडा, फिरवा. पहिल्या पाच-सहा ठिपक्यांवर यातलं एखादं बसतंय का ते आधी पाहावं.

संदेशाचा अंदाज आला की तो उलट्या दिशेने वापरा. समजा अठराव्या ठिपक्यावर रा हवा असं संदेश सांगतो. मग अठराव्या क्लूच्या व्याख्येत कोणत्या अक्षराऐवजी रा घातला तर अर्थ लागतो, ते तपासा. न सुटणारे क्लू बहुतांशी असेच सुटतात. ही फसवणूक नाही, कोडं असंच सोडवायचं असतं. सेटरने ते दोन्ही बाजूंनी खणलं जावं म्हणूनच रचलेलं आहे.

थीम ओळखायची कशी? मला सामान्यज्ञान कमी आहे.

सामान्यज्ञानापेक्षा संशय जास्त कामी येतो. शीर्षकापासून सुरू करा. शीर्षकाला दोन अर्थ असतात, पहिला तुम्हाला दिसतो, दुसरा शेवटी दिसतो. शीर्षक स्वतःच एखादा छोटा क्लू असतं, त्यात अक्षरांची उलथापालथही असू शकते.

मग प्रसिद्धीची तारीख पाहा. शताब्दी, जयंती, पुण्यतिथी, एखाद्या शोधाला पन्नास वर्षं, यांच्याभोवती पुष्कळ कोडी बांधलेली असतात. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापलं, त्या तारखेच्या आसपास शब्दकोड्यांबद्दलचीच कोडी येतात, हे सांगायला ज्योतिषी नको.

चौकटीत विषय लपतो त्या जागाही ठरावीक आहेत: दोन्ही कर्ण, बाहेरची कड, मधली आडवी ओळ, मधला उभा स्तंभ. तीन-चार अक्षरं कर्णावर ओळखीची दिसली तर तिथेच थांबून पुढची घरं त्या अंदाजाने भरून पाहा. अवतरणांचा कोश आणि एक चांगलं शोध इंजिन असेल तर अर्धवट ओळीवरूनही उगम सापडतो. तो सापडला की त्या लेखनाचं शीर्षक, पात्रं, आधीची-नंतरची ओळ, सगळं वाचून काढा. उरलेली थीम तिथेच आसपास असते.

आणि एक इशारा. पहिली सुचलेली थीम फार आवडू देऊ नका. दोन उत्तरं ग्रहांची आली म्हणून विषय खगोलशास्त्र ठरत नाही. तिसरा पुरावा मिळेपर्यंत तो फक्त अंदाज. थीम बरोबर असेल तर शीर्षक, संदेश आणि प्रस्तावना तिघंही तिच्या बाजूने बोलतात. एक जरी गप्प राहिलं तरी शोध चालू ठेवा.

चौकट भरली. आता म्हणतात ‘सहा घरं बदला’. कोणती?

आधी मोजणी. सहा म्हणजे सहाच. पाच बदल करून सगळं सुंदर जुळलं तरी ते उत्तर नाही.

नंतर खऱ्या शब्दांची कसोटी. एक घर बदललं की आडवा आणि उभा असे दोन शब्द बदलतात; दोन्ही खरे राहिले पाहिजेत. चौकटीतल्या प्रत्येक घरासाठी ‘इथे दुसरं काय बसेल’ हे तपासत गेलं की आश्चर्यकारक रीतीने थोडी घरं उरतात. त्यांना रंग द्या. ती घरं चौकटीत कशी पसरली आहेत ते दुरून पाहा: सरळ रेषेत, वर्तुळात, एखाद्या अक्षराच्या आकारात? जुनी अक्षरं क्रमाने वाचा, मग नवी वाचा. पुष्कळदा एक शब्द जाऊन दुसरा येतो, आणि ती अदलाबदल हाच विषय असतो.

तरीही दोन तोडगे उरले तर अधिक नीटनेटका तोडगा निवडा. सेटर लोक सममितीसाठी जीव टाकतात. एकीकडून ओढून आणलेलं वाटतंय आणि दुसरीकडे प्रस्तावनेतला एक न वापरलेला शब्द अचानक अर्थपूर्ण होतोय, तर दुसरं बरोबर.

रेघाच नसलेली रिकामी चौकट कशी हाताळायची?

क्लू लांबीप्रमाणे वेगळे करा. पहिला आडवा आणि पहिला उभा शब्द बहुधा एकाच कोपऱ्यातून निघतात, म्हणजे पहिलं अक्षर समान. तिथून सुरुवात होते. चौकट अर्धवर्तुळ फिरवली तरी तशीच दिसते, असं प्रस्तावनेत असेल तर वर डावीकडे घातलेली प्रत्येक रेघ खाली उजवीकडे आपोआप मिळते. सममिती नाही असं लिहिलं असेल तर मात्र संयम लागतो, आणि खोडरबर.

क्लूंना क्रमांक नसलेला जिगसॉ प्रकार याचाच भाऊ. त्यात सगळ्यात लांब शब्द आधी सोडवा, कारण त्यांना बसायला जागा मोजक्याच असतात. अर्धे तरी क्लू सुटेपर्यंत चौकटीला हात लावू नका.

प्लेफेअर म्हटलं की मी पान उलटतो. खरंच इतकं अवघड आहे?

दिसतं तितकं नाही. ही अक्षरांच्या जोड्यांवर चालणारी गुप्तलेखनाची पद्धत चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८५४ मध्ये काढली. तिचा पुरस्कार लॉर्ड प्लेफेअर यांनी केला आणि नाव त्यांचं राहिलं. पाच बाय पाचचा चौरस घ्यायचा. त्यात आधी गुप्त शब्दाची अक्षरं, मग इंग्रजी वर्णमालेतली उरलेली अक्षरं क्रमाने. आय आणि जे एकाच घरात. उत्तराची दोन-दोन अक्षरं घ्यायची. जोडी एकाच ओळीत असेल तर प्रत्येकाच्या उजवीकडचं अक्षर, एकाच स्तंभात असेल तर खालचं, आणि नाहीतर त्या दोघांनी बनणाऱ्या आयताचे उरलेले दोन कोपरे, ज्याच्या त्याच्या ओळीतले.

कोड्यात काही उत्तरं अशी गुप्त करून भरायची असतात आणि गुप्त शब्द तुम्हाला शोधायचा असतो. त्या उत्तरांच्या गुप्त रूपाची अक्षरं छेदांतून मिळतात. मग मूळ जोडी आणि गुप्त जोडी समोरासमोर मांडायची. एखादं अक्षर आपल्याच जोडीदारात बदललं असेल, म्हणजे मूळ जोडीतलं दुसरं अक्षर गुप्त जोडीत पहिलं आलं असेल, तर ती अक्षरं नक्की एकाच ओळीत किंवा स्तंभात शेजारी आहेत; आयतात असं होऊच शकत नाही. हा धागा सर्वात पक्का. दुसरा धागा: गुप्त शब्द संपल्यावर अक्षरं वर्णक्रमाने येतात, म्हणून खालच्या दोन ओळी साधारण ओळखता येतात. कागदाच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं लिहून सरकवत बसलं की काम पटकन होतं. डोक्यात करायचा प्रयत्न करू नका.

शब्दकोश, ॲनाग्राम (विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द) शोधणारं सॉफ्टवेअर, शोध इंजिन: हे वापरणं म्हणजे फसवणूक का?

शब्दकोश तर हवाच. ब्रिटिश अवघड कोड्यांचा पाया चेंबर्स शब्दकोशावर आहे, कारण त्यात जुने, स्कॉटिश आणि विचित्र शब्द भरपूर. रिकाम्या जागांवरून शब्द सुचवणारी साधनंही बहुतेकजण वापरतात. त्यातून मिळालेल्या शब्दाचा शब्दखेळ जुळवून पाहिलात तर कोडं तुम्हीच सोडवलं. तयार उत्तर पाहणं ही गोष्ट वेगळी, पण तीही शिकताना हरकत नाही. फक्त एक उत्तर पाहिलंत की त्याची फोड पूर्ण झाल्याशिवाय दुसरं पाहू नका.

क्लू अन्यायकारक आहे की मलाच येत नाही, हे कसं ठरवायचं?

बहुतेक वेळा दुसरं. पण न्याय-अन्यायाची कल्पना या क्षेत्रात गांभीर्याने घेतात, आणि तिला इतिहास आहे. द ऑब्झर्व्हरमध्ये १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ म्हणजे एडवर्ड पॉविस मॅथर्स कोडी रचत. ती विलक्षण कल्पक होती आणि नियम त्यांचे त्यांनाच ठाऊक. त्यांच्यानंतर १९३९ मध्ये ‘झिमेनेस’, म्हणजे डी. एस. मॅकनट आले आणि त्यांनी शिस्त आणली: क्लूत अचूक व्याख्या हवी, न्याय्य शब्दखेळ हवा आणि त्याखेरीज काहीही नको. १९७२ मध्ये सूत्रं घेतली ‘अझेद’ म्हणजे जोनाथन क्राउदर यांनी. तिन्ही टोपणनावं स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या प्रमुखांवरून घेतली आहेत. अझेद (Azed) हे त्यांतल्या डेझा (Deza) या नावाचं उलट वाचन. सोडवणाऱ्यांचा छळ करायचा तर नावं तरी प्रामाणिक असावीत.

मघाशी ज्यांचा उल्लेख आला त्या अफ्रिटने १९४९ मध्ये हे तत्त्व अधिक नेमकं मांडलं. आशय असा की सेटरच्या शब्दांचा वरवरचा अर्थ त्याच्या मनातला नसेल तरी चालेल, पण जे मनात आहे ते शब्दांत उतरलेलंच असलं पाहिजे. थीमच्या कोड्यात मी हीच कसोटी लावतो. छपाईची चूक आहे हे प्रस्तावनेने सांगितलं असेल तर ती चूक न्याय्य; न सांगता शब्दखेळात एक अक्षर कमी पडत असेल तर तो सेटरचा दोष. फक्त दोष देण्याआधी प्रस्तावना आणखी एकदा वाचा.

कोणत्या मालिकेपासून सुरुवात करावी?

द गार्डियनमधलं दर महिन्याचं ‘जीनियस’ कोडं काळ्या घरांच्या ओळखीच्या चौकटीत करामती दाखवतं, त्यामुळे पहिलं पाऊल म्हणून बरं. त्यानंतर संडे टेलिग्राफमधलं ‘एनिग्मॅटिक व्हेरिएशन्स’, मग ‘इन्क्विझिटर’. अझेदची साधी कोडी थीमशिवाय असतात, पण जाड रेघांच्या चौकटीचा आणि दुर्मिळ शब्दांचा सराव त्यांच्याइतका कुठे होत नाही. ‘मॅगपाय’ मासिक प्रत्येक कोड्याला काठिण्याची श्रेणी देतं, ही मोठी सोय आहे; खालच्या श्रेणीतून वर चढत जाता येतं.

शिखर म्हणजे ‘लिसनर’. बीबीसीच्या द लिसनर साप्ताहिकात २ एप्रिल १९३० रोजी ते सुरू झालं. साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडलं तेव्हा कोडं द टाइम्सकडे गेलं आणि शनिवारी येऊ लागलं. तिथे पहिल्याच प्रयत्नात चौकट अर्धी भरली तरी आनंद माना.

लिसनरमध्ये मध्येच आकड्यांचं कोडं येतं ते काय?

वर्षातून चार कोडी गणिती असतात. अक्षरांऐवजी अंक भरायचे, क्लूंमध्ये वर्ग, घन, मूळ संख्या. शब्दांचे शौकीन त्या आठवड्यात सुट्टी घेतात, तर काहीजण वर्षभर फक्त त्याच चार कोड्यांची वाट पाहतात.

एकट्याने सोडवावं की जोडीने?

जोडीने, पण एकसारख्या माणसाबरोबर नाही. एकाला शब्दखेळाची फोड पटकन दिसते, दुसऱ्याला चौकटीतले आकार दिसतात. शेवटच्या टप्प्यात दुसरा जास्त उपयोगी पडतो. फक्त दोघांनी आपापली प्रत वेगळी ठेवावी. एकाच कागदावर दोघांचे अंदाज मिसळले की कोणतं अक्षर पक्कं आणि कोणतं पेन्सिलीचं, यावरूनच वाद होतो.

अडकल्यावर किती वेळ झुंजायचं?

घड्याळ लावू नका, पण एकाच जागी डोकं आपटत बसूही नका. चौकट बाजूला ठेवून प्रस्तावना आणि शीर्षक वेगळ्या कागदावर हाताने उतरवून काढा. लिहिताना नजर प्रत्येक शब्दावर थांबते आणि वाचताना ज्यावरून घसरत होती तो शब्द सापडतो. त्यानेही काही झालं नाही तर दोन दिवसांनी परत या. ही कोडी आठवडाभर पुरतील अशीच रचलेली असतात आणि उत्तरं पाठवायची मुदतही त्याच हिशेबाने दिलेली असते.

उत्तर स्पर्धेला पाठवताना काय तपासावं?

लिसनरसारख्या ठिकाणी एक घर चुकलं तरी प्रवेशिका चूक धरतात, म्हणून कच्च्या चौकटीवरून स्वच्छ प्रत करा आणि ती प्रत मूळ क्लूंशी ताडून पाहा, कच्च्या चौकटीशी नाही. टकरींच्या घरांत शेवटी काय राहायला हवं ते प्रस्तावनेत पाहा: एक अक्षर, दोन्ही अक्षरं की रिकामं घर. रंगवायला सांगितलं असेल तर नेमकी तेवढीच घरं रंगवा; शीर्षकाचं नावही त्याच ओळीत पुढे दिसतंय म्हणून आणखी तीन घरं रंगवणं चूक. चौकटीखाली काही लिहायचं असेल तर त्याची अक्षरसंख्या मोजा. आणि जिथे बदल करायचा तिथे जुनं अक्षर अर्धवट दिसत ठेवू नका. तपासणाऱ्याला तुमचा हेतू ओळखायला लावायचं नसतं.